बुरूज बांधला, पुढे काय?

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. गडावर नेणारा रोपवे तेथूनच सुटतो आणि चारएक मिनिटांत माणूस वर पोचतो. सहलीला आलेली मुले रांगेत उभी असतात, तेवढ्या वेळात बहुतेक शिक्षक त्यांना वाडीच्या नावामागची गोष्ट सांगतात. दूध घालायला गडावर गेलेली हिरकणी, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी पाळण्यात एकटे मूल, आणि मग रात्रीच्या अंधारात सरळ कड्यावरून उतरलेली आई. दुसऱ्या दिवशी महाराज तिला बोलावतात, साडीचोळी देऊन गौरवतात आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतात.

ही लोककथा आहे. तिच्यासाठी कागदपत्रांचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते तिच्याबद्दल मात्र तक्रार करायला जागा आहे. पाठ्यपुस्तकात, चित्रपटात, सहलीच्या रांगेत, सगळीकडे ती आईच्या मायेची गोष्ट असते. माया खरीच, पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग संरक्षणशास्त्राचा आहे आणि तो आपण वाक्यभरात गुंडाळतो. 'मग महाराजांनी तेथे बुरूज बांधला' असे म्हणून गोष्ट संपते. एखाद्या चौकस मुलाने विचारावे, 'मग त्या बुरुजावर रोज रात्री कोण उभे राहायचे? आषाढातल्या पावसातसुद्धा?' तर आपल्याकडे उत्तर नसते, कारण आपण स्वतःलाही तो प्रश्न कधी विचारलेला नसतो.

हा प्रश्न या मासिकात काढण्याचे कारण असे की, अणुपदार्थांच्या सुरक्षेविषयी जे लिहिले-बोलले जाते तेही नेमके याच ठिकाणी थांबते. येथे 'सुरक्षा' या शब्दाचा घोळ आधी निस्तरला पाहिजे. अणूपासून माणसाला जपणे ही सुरक्षितता. माणसापासून अणुपदार्थाला, म्हणजे चोरापासून, घातपात्यापासून, निष्काळजी हातांपासून युरेनियम, प्लुटोनियम आणि किरणोत्सारी स्रोत यांना जपणे ही सुरक्षा. हा लेख दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. तिच्याबद्दलच्या लेखांत कुंपणे, कॅमेरे, बंदूकधारी जवान यांची वर्णने भरपूर असतात. कुंपण गंजते, कॅमेरा बंद पडतो, जवान कंटाळतो किंवा बदलून जातो, याचे वर्णन क्वचितच असते.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे वाय-१२ नावाचे केंद्र आहे. अण्वस्त्रांसाठी लागणारे अतिसमृद्ध युरेनियम तेथे साठवतात. त्यासाठी सुमारे ५५ कोटी डॉलर खर्चून एक नवी इमारत उभी केली होती. २८ जुलै २०१२ रोजी पहाटेपूर्वीच्या अंधारात तीन शांततावादी डोंगर ओलांडून, एकामागून एक कुंपणे कापून त्या इमारतीच्या भिंतीपर्यंत पोचले. त्यांत मेगन राइस नावाच्या ८२ वर्षांच्या जोगीण बाई होत्या. त्यांनी भिंतीवर घोषणा रंगवल्या, रक्त शिंपडले आणि हातोड्याने भिंतीचा कोपरा ठोकला. मगच पहारेकरी आला. हिरकणी उतरली आणि या बाई चढल्या, एवढाच फरक.

पुढे चौकशी झाली. तिच्या अहवालात जे निघाले ते प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वाचावे असे आहे. गजर वाजले होते. पण नव्या यंत्रणेतून रानटी जनावरांमुळे आणि हवामानामुळे रोजच इतके खोटे गजर येत की, ते ऐकून धावत जाण्याची सवय मोडली होती. त्या भागावर नजर ठेवणारा महत्त्वाचा कॅमेरा सुमारे सहा महिने नादुरुस्त होता. यंत्रांची देखभाल एका कंत्राटदाराकडे आणि पहारा दुसऱ्याकडे होता. आतल्या पहारेकऱ्यांना हातोड्याचे ठोके ऐकू आले, तेव्हा त्यांना वाटले की दुरुस्तीचे कामगार आले असावेत! जेथे महिनोन्महिने दुरुस्ती होत नव्हती, तेथे चोरपावलांनी आलेल्यांना दुरुस्तीवाले समजले गेले. याहून कडवट विनोद एखाद्या नाटककाराला सुचणार नाही.

आणि हिरकणीचे महाराजांनी जे केले ते येथे झाले नाही. बाईंना २०१४ मध्ये ३५ महिन्यांची शिक्षा झाली; २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने घातपाताचा मुख्य आरोप रद्द केल्यावर त्या सुटल्या. सर्वांत आधी त्यांच्यापर्यंत पोचलेल्या पहारेकऱ्याची नोकरी गेली. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा होऊ नये असे मी म्हणत नाही. पण फट दाखवणाऱ्याकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा वर्गात शेजारी ठेवून पाहाव्यात.

खोटे गजर का येतात, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र लागते, आणि ते आपल्या अभ्यासक्रमातलेच आहे. प्रवेशद्वारांवर किरणोत्सार ओळखण्यासाठी जी यंत्रे बसवतात ती गॅमा किरण मोजतात. गॅमा किरण फक्त युरेनियममधूनच निघतात असे नाही. पोटॅशखताचा ट्रक, ग्रॅनाइटच्या फरश्या, थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेला रुग्ण, या सर्वांमुळे यंत्र ओरडते. एवढेच काय, पाऊसही त्याला फसवतो. हवेतील रेडॉनपासून तयार होणारी शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही समस्थानिके सरीबरोबर खाली येतात आणि जमिनीलगतचा किरणोत्सार थोड्या वेळापुरता वाढतो. त्यांचे अर्धायुकाल अनुक्रमे सुमारे २७ आणि २० मिनिटे असल्याने पाऊस थांबल्यावर दोनएक तासांत सारे पूर्ववत होते. ज्यांच्या महाविद्यालयात गायगर गणित्र आहे त्यांनी सरीनंतर गच्चीवरची फरशी टिपकागदाने पुसून तो कागद मोजून पाहावा. महाड-पोलादपुरात सरींची वाण नाही!

आता या यंत्राच्या शेजारी बसलेल्या माणसाचा विचार करा. दिवसातून वीस वेळा यंत्र ओरडते आणि वीसही वेळा खत, फरशी किंवा पाऊस निघतो. गजर ऐकून नेमके काय तपासायचे, कोणता नमुना संशयास्पद, हे त्याला शिकवले असेल तर तो एकविसाव्या वेळीही तपासेल. शिकवले नसेल तर तो यंत्राचा आवाज कमी करेल. त्यात दोष त्याचा फार थोडा.

यंत्रही आपल्या जागी तसेच राहत नाही. गॅमा किरण टिपणारा सोडियम आयोडाइडचा स्फटिक मिठासारखाच हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून त्याला हवाबंद डबीत ठेवतात. डबीच्या जोडाला बारीक चीर पडली तरी स्फटिक पिवळा पडू लागतो, त्यातून येणारा प्रकाश कमी होतो आणि यंत्र हळूहळू आंधळे होते. एका दिवसात बंद पडते तर बरे झाले असते, कोणाच्या तरी लक्षात आले असते. कोकणच्या दमट हवेत काम करणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. म्हणून यंत्राची ठरावीक दिवसांनी ज्ञात स्रोताने परीक्षा घ्यावी लागते. पण गंमत अशी की, परीक्षा घेणाराही झिजत असतो. न्यूट्रॉन शोधणारी यंत्रे तपासण्यासाठी वापरतात ते कॅलिफोर्नियम-२५२ घ्या. त्याचा अर्धायुकाल २.६५ वर्षे. केंद्राच्या उद्घाटनाच्या वर्षी घेतलेला स्रोत आठ वर्षांनी एक-अष्टमांश उरतो. हे गणित ज्याला माहीत नाही तो म्हणेल, यंत्र मंद झाले. तो यंत्राची संवेदनशीलता वाढवेल आणि खोटे गजर आणखी वाढतील. अर्धायुकालाचे उदाहरण फळ्यावर सोडवताना आपण नेहमी 'एका पदार्थाचे' म्हणतो. त्याऐवजी हे उदाहरण घेतले तर मुलांना त्या आकड्याचे मोल कळेल.

माणसांच्या बाजूची सर्वांत बोलकी उदाहरणे रशियातली आहेत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला. त्याआधी तेथील अणुपदार्थांचे रक्षण मुख्यतः बंद शहरे, कडक शिस्त आणि भीती यांवर चालले होते. राज्यच कोसळल्यावर कुंपणे तीच राहिली, पण त्यामागची माणसे तशी राहिली नाहीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये मुर्मान्स्क येथील नौदलाच्या गोदामातून सुमारे साडेचार किलो समृद्ध युरेनियम चोरीला गेले. चोर कुंपणाच्या भोकातून शिरला आणि कुलूप कापून आत गेला. तपास करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने पुढे म्हटले की, त्या काळी बटाट्यांवरही याहून चांगला पहारा असे.

त्याआधी एका वर्षाची, मॉस्कोजवळच्या पोडोल्स्क येथील चोरी तर मापनाच्या धड्यात घालण्याजोगी आहे. तेथील एका संस्थेत युरेनियमवर प्रक्रिया करताना सुमारे ३ टक्के घट नियमाने धरलेली असे. एका कामगाराच्या लक्षात आले की, काटकसरीने काम केले तर घट त्याहून कमी होते आणि उरलेले कोणी मागत नाही. १९९२ मध्ये काही महिने तो दरवेळी थोडे थोडे, पन्नास-साठ ग्रॅम, घरी नेत राहिला. ९० टक्के समृद्ध युरेनियमचा साठा असा दीड किलोपर्यंत गेला. हिशेब मात्र दर महिन्याला बरोबर! तो सापडला तोही योगायोगाने, गाड्यांच्या बॅटऱ्या चोरणाऱ्या ओळखीच्या माणसांबरोबर रेल्वे स्थानकावर. महागाईत त्याचा पगार विरघळून गेला होता आणि घरासाठी फ्रीजसारख्या वस्तू घ्यायच्या होत्या, असे त्याने नंतर सांगितले. प्रयोगवहीत 'मापनातील त्रुटी ± ३ टक्के' असे लिहून आपण मोकळे होतो. त्या चिन्हाच्या आत काय काय लपू शकते, हे हा प्रसंग दाखवतो.

अमेरिकेने रशियाला नव्वदच्या दशकात कुंपणे, कॅमेरे, कुलपे, मापनयंत्रे दिली. ते योग्यच होते. पण २००१ च्या अमेरिकी सरकारी लेखापरीक्षणात असे आढळले की, अणुपदार्थ असलेल्या एका इमारतीचे फाटक उघडे आणि पहाऱ्याविना होते. त्या काळात या क्षेत्रात एक नवा प्रश्न ऐरणीवर आला: दिलेली यंत्रे दाता निघून गेल्यावर कोण चालवणार, सुटे भाग कोठून येणार, आणि शिकलेला तंत्रज्ञ जास्त पगारावर दुसरीकडे गेला तर?

आता आपल्या घराकडे येऊ. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७.१ किलो नैसर्गिक युरेनियम जप्त करून दोघांना अटक केली. पदार्थ युरेनियमच असल्याचे भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासून सांगितले आणि तपास पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. पोलिसांनी आपले काम केले. तक्रार आहे ती बातम्यांबद्दल. बहुतेक मथळ्यांत '२१ कोटींचे युरेनियम' होते. ही किंमत कोणत्या बाजारातली? त्या महिन्यात युरेनियम ऑक्साइडचा जागतिक भाव पौंडाला तीस डॉलरच्या आसपास होता. ७.१ किलो युरेनियम म्हणजे सुमारे साडेअठरा पौंड ऑक्साइड. रुपयांत चाळीस हजारांच्या घरात. धातू तयार करण्याचा खर्च त्यावर चढवला तरी कोटी दूरच राहतात. बाँबचे म्हणाल, तर नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के; म्हणजे या साठ्यात जेमतेम ५० ग्रॅम. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ज्या प्रमाणाला 'लक्षणीय' मानते ते नैसर्गिक युरेनियमसाठी १० टन आहे. जप्त साठा त्याच्या चौदाशेव्या भागाएवढा होता.

मग बातमी क्षुल्लक होती का? मुळीच नाही. पण तिचे गांभीर्य कोटींत नव्हते. कायद्याने नियंत्रित असलेला पदार्थ कोणाच्या तरी साठ्यातून, कोणाच्या तरी नोंदवहीतून निसटला होता आणि ते त्या नोंदवहीला कळले होते की नाही, हा प्रश्न होता. डिसेंबर २०१६ मध्ये ठाण्यात जवळपास नऊ किलो डिप्लीटेड युरेनियम, म्हणजे २३५ चा बराचसा अंश काढून घेतलेले युरेनियम, सापडले तेव्हाही किमतीचीच चर्चा झाली. असे युरेनियम अतिशय जड असल्याने औद्योगिक रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यांत आडोसा म्हणून वापरतात. जुना कॅमेरा मोडीत निघतो तेव्हा त्यातल्या जड धातूचे काय होते, हे विचारणारी बातमी माझ्या वाचनात आली नाही.

मोड म्हटले की मायापुरी आठवते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक गॅमा किरणन यंत्र होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले आणि त्यातल्या कोबाल्टच्या कांड्या हातोहात फिरल्या. एप्रिलमध्ये अनेकजण आजारी पडले. एक कामगार दगावला. येथे कुंपण कापले गेले नाही, कोणी चोर आला नाही. डेड स्टॉक रजिस्टर, निर्लेखन समिती, लिलाव, या आपल्या सर्वांच्या परिचयाच्या वाटेने तो स्रोत बाहेर पडला. ज्याला ते यंत्र काय आहे हे ठाऊक होते तो निवृत्त झाला, आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही निवृत्त झाले. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे. यंत्र सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचे होते, म्हणजे मूळ किरणोत्साराचा दोनशेवा भाग तेवढा उरला असेल. तेवढ्याने एक जीव घेतला.

आंतरराष्ट्रीय संस्थेने या बाबतीत काही लिहिले नाही असे नाही. तिच्या अणुसुरक्षा मालिकेतील विसाव्या क्रमांकाच्या २०१३ च्या पुस्तिकेत राष्ट्रीय सुरक्षाव्यवस्थेची बारा आवश्यक अंगे दिली आहेत. बारावे अंग व्यवस्था टिकवण्याविषयी आहे: पुरेशी माणसे आणि पैसा, नियमित देखभाल, प्रशिक्षण, सुरक्षेची संस्कृती, आतल्या माणसाकडून होणाऱ्या धोक्याची दखल. २०१८ मध्ये केवळ या एका अंगावर स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. मजकूर अचूक आहे, विचार पक्का आहे. तरी वाचताना एक उणीव जाणवत राहते. सगळी वाक्ये 'राज्याने करावे', 'संस्थेने करावे' अशी आहेत. ज्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आहे, ज्याला पावसात कुंपणाच्या कडेने चालायचे आहे, तो माणूस मजकुरात दिसत नाही. आणि टिकवण्याचा मुद्दा शेवटी आला हेही मला खटकते. क्रमांकाला महत्त्व नसते असे म्हणतात. पण अंदाजपत्रकात कात्री लागते तेव्हा ती खालूनच लागते.

भारतात एक गोष्ट फार आधी कळली होती. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली आणि प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये. यंत्राबरोबर ते चालवणारी माणसे घडवण्याची सोय, मध्ये एका वर्षाचेच अंतर. २०१० मध्ये जाहीर झालेल्या हरियाणातील जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्रातही अणुसुरक्षेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग ठेवला आहे. अणुऊर्जा खात्याच्या आत ही साखळी मजबूत आहे. ती खात्याच्या बाहेर, रुग्णालये, कारखाने आणि विद्यापीठे येथे पोचते तेव्हा सैल होते. तेथे ती एकेका किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याच्या खांद्यावर असते आणि तो अधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यातील दुर्गप्रकरण वाचताना या आधुनिक पुस्तिकांची आठवण होते, आणि तुलनेत आज्ञापत्र सरस वाटते. किल्ला कसा बांधावा हे त्यात आहेच, पण तो कसा राखावा यावर कितीतरी अधिक मजकूर आहे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, तेथे रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून कोणास जवळ फिरकू देऊ नये. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. साठ्याची मोजदाद, ओलाव्यापासून बचाव, जबाबदार व्यक्तीची हजेरी आणि मोहोर, सारे एका कामात. ते काम कोणी, किती दिवसांनी करायचे तेही सांगितले आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरात हवालदार डोळ्यांसमोर उभा राहतो. रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेला त्यात परंपरा आतल्या माणसाची फितुरी सांगते. त्या आठवणीच्या सावलीत हे नियम लिहिले गेले असतील तर नवल नाही.

हिरकणीचा धडा पुढच्या खेपेला शिकवताना बुरुजापाशी थांबू नये, मुलांना त्या बुरुजाचे वेळापत्रक करायला सांगावे: किती माणसे, किती पाळ्या, पावसाळ्यात काय, कोणी आजारी पडला तर कोण. आणि उच्च माध्यमिकच्या रसायनशास्त्र शिक्षकांसाठी वेगळे काम. सोडियम ओळखण्याच्या जुन्या परीक्षेसाठी कधीकाळी घेतलेली युरेनिल झिंक ॲसिटेटची किंवा तशाच युरेनियमच्या क्षाराची पिवळी बाटली काही जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटात अजून असते. आपल्याकडे ती असेल, तर साठा नोंदवहीत तिचे शेवटचे वजन कोणत्या साली लिहिले आहे ते पाहावे. आणि ते कोणाच्या अक्षरात आहे, तेही.